शाहिराचं गाडीभाडं

मागच्या वर्षी जयंतीच्या आधी आमच्या भागातल्या एका मंडळाच्या बैठकीला गेलो होतो. खर्चाची यादी वाचली जात होती. डीजे, लाइट, एलईडी स्क्रीन, फ्लेक्स, फटाके, फुलं उधळायला जेसीबी. प्रत्येकापुढे आकडा. शेवटून दुसरी ओळ होती 'शाहीर : गाडीभाडं'. तिथे आकडा नव्हता. एकानं विचारलं, "आणि मानधन?" खजिनदार म्हणाले, "अहो, शाहीर घरचेच आहेत. समाजासाठी येतात ते." सगळे हसले. मीही हसलो.

घरी आल्यावर ते हसू टोचायला लागलं. डीजेवालाही आपल्याच समाजाचा होता की. त्याला कोणी 'घरचा' म्हणालं नाही. त्याला ॲडव्हान्स गेला होता.

उभं राहून लोकांसमोर कविता म्हणणाऱ्या माणसाचं पोट कोणी बघायचं, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. साडेतीनशे वर्षांचा आहे. त्याचं उत्तर दर काळात बदललं, आणि जसजसं उत्तर बदललं तसतसा मांडवाचा मालकही बदलला. म्हणून थोडा इतिहास सांगतो. लांब आहे, पण वाचा.

अज्ञानदासाचा अफझलखान वधाचा पोवाडा हा आपल्याकडे उपलब्ध असलेला सगळ्यात जुना पोवाडा मानतात. घटना १६५९ सालची. त्याबद्दल शाहिराला घोडा आणि सोन्याचा तोडा मिळाला, हे पोवाड्यातच आलेलं आहे. म्हणजे आपला पहिला शाहीर आपली बिदागी कवितेत नोंदवून गेला! त्याला त्याची लाज वाटली नाही. काम केलं, मोल मिळालं, लिहून ठेवलं.

पुढे पेशवाईत अनंत फंदी, राम जोशी, होनाजी, परशराम, सगनभाऊ, प्रभाकर अशी मोठी पिढी झाली. दरबार, सरदार, वाडे यांच्याकडून बिदाग्या मिळत. बिदागी चांगली होती, पण ती एका माणसाच्या मर्जीवर होती. १८१८ ला पेशवाई बुडाली आणि ती मर्जीही बुडाली. शाहीर वाड्यातून उठून जत्रेत आणि तमाशाच्या फडात आले. कलगी-तुऱ्याचे सामने तर आधीपासून होतेच. एका पक्षानं सवाल टाकायचा, दुसऱ्यानं कवितेतच जवाब द्यायचा, रात्रभर. आज शहरात 'पोएट्री स्लॅम' म्हणून जे चालतं, ते शिकागोच्या एका क्लबात १९८६ पासून गाजलं. प्रेक्षकांतूनच परीक्षक निवडायचे आणि त्यांनी कवीला गुण द्यायचे. छान आहे. पण आपल्या जत्रेतल्या म्हाताऱ्याला त्यात नवल वाटलं नसतं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मांडवाचा मालक पुन्हा बदलला. १८९३-९४ पासून पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव उभा राहिला आणि त्याच्याबरोबर मेळे आले. पोरांचं पथक, ठेक्यावर म्हणायची पदं, राजकारणावर टीका. इंग्रज सरकार या पदांवर बारीक नजर ठेवून असे. इथे एक मोठी गोष्ट घडली आणि ती आपण विसरतो. पैसा राजाकडून येणं थांबलं आणि वर्गणीतून यायला लागला. आजची वर्गणीची पावती ही तेव्हापासूनची परंपरा आहे.

पण वर्गणी ज्यांची, मांडव त्यांचा. मग ज्यांना त्या मांडवात जागा नव्हती त्यांनी स्वतःचे मांडव घातले. महात्मा फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला, १८७३ ला सत्यशोधक समाज काढला आणि पुढे त्यातून सत्यशोधक जलसे निघाले. साचा तमाशाचाच होता, गण, बतावणी, वग सगळं होतं. पण वगात सावकार होता, भिक्षुकी होती, शाळेत न जाणारं पोर होतं. १९२० च्या दशकात पुण्यात छत्रपती मेळा निघाला. आणि १९३० च्या दशकात, काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या धगीतून, नाशिककडे भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांचा आंबेडकरी जलसा उभा राहिला. बाबासाहेबांनी जलशाला आपल्या सभांपेक्षा कमी लेखलं नाही, ही आठवण चळवळीतली जुनी माणसं आजही सांगतात. त्याचं कारण साधं आहे. सभेतलं भाषण ऐकून माणूस घरी जातो. जलशातलं गाणं माणसाबरोबर घरी जातं.

या जलशांना मांडव लागत नसे. वस्तीतलं पटांगण, गॅसबत्ती, डफ, ढोलकी. जेवण प्रत्येक घरातून दोन भाकरी. 'घरचे' हा शब्द तेव्हा खरा होता. गाणारा आणि ऐकणारा एकाच गिरणीत, एकाच चाळीत, एकाच भुकेत होते. कोणाकडेच पैसे नव्हते, म्हणून कोणी कोणाला देणं लागत नव्हतं. हे लक्षात ठेवा, शेवटी कामाला येईल.

आता १९४३ या वर्षावर थांबू. या एका वर्षात मुंबईत तीन गोष्टी झाल्या. मे महिन्यात इप्टा म्हणजे इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशनची स्थापना झाली. अण्णाभाऊ साठ्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. आणि शिवडीच्या बीडीडी चाळीत राहणाऱ्या, मिळेल ते काम करणाऱ्या एका एकविशीतल्या पोरानं हिंदी सिनेमाच्या गाण्याच्या चालीवर आपलं पहिलं गाणं केलं. त्याचं नाव वामन तबाजी कर्डक.

अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ ला लाल बावटा कलापथक काढलं. त्यांच्यामागे पक्ष होता, युनियन होती. म्हणजे मांडव संघटनेचा. त्याचा फायदा असा की हजारो कामगार एका हाकेला जमत. तोटाही होता. सरकारची नजर पक्षावर, म्हणून कवितेवरही. स्वातंत्र्यानंतरच्या मुंबई सरकारनं तमाशावर बंदी घातली, तेव्हा अण्णाभाऊंनी त्याच ऐवजाला 'लोकनाट्य' हे नाव देऊन वाट काढली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या तिघांच्या आवाजानं काय केलं, ते वेगळं सांगायला नको. आणि शेवट? अण्णाभाऊ १८ जुलै १९६९ ला हलाखीत गेले. अमर शेख २९ ऑगस्ट १९६९ ला इंदापूरजवळ मोटार अपघातात गेले. बरोबर सहा आठवड्यांचं अंतर. ज्या राज्यासाठी ते घसा फोडून गायले, ते राज्य तेव्हा नऊ वर्षांचं होतं.

आता वामनदादा. त्यांच्यावर जरा जास्त वेळ थांबतो, कारण 'कवी जत्रांवर, जयंत्यांवर आयुष्य काढतो' म्हणजे नेमकं काय, हे त्यांच्याइतकं कोणाकडे बघून कळत नाही.

जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. शाळा नाही. मुंबईत चाळीत असताना एकानं पत्र वाचून द्या म्हणून हातात दिलं, आणि यांना वाचता येईना. ती लाज इतकी लागली की मोठेपणी अक्षरं गिरवली, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत वाचायला शिकले. समता सैनिक दलात होते. बाबासाहेबांना पाहिलं, ऐकलं, आणि त्यानंतर आयुष्यभर गाणं हेच काम.

हे काम चालायचं कसं? वर्षाचं एक चक्र असतं. १ जानेवारी भीमा कोरेगाव. २० मार्च महाड. १४ एप्रिल जयंती. (पहिली सार्वजनिक जयंती पुण्यात १९२८ साली जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी केली, असं मानतात.) जयंती एका दिवसाची असली तरी गावोगाव ती मे-जूनपर्यंत लांबते. बाहेरच्यांना याचं नवल वाटतं. त्यात एक अगदी व्यवहारी कारणही आहे. एकच शाहीर एका रात्री दहा गावांत गाऊ शकत नाही. गावं तारखा वाटून घेतात. मग बुद्धपौर्णिमा, मग पाऊस. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन, गाण्याच्या बाऱ्या कमी. चार महिने जवळजवळ कोरडे. मग विजयादशमीला नागपूर दीक्षाभूमी आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमी. सहा डिसेंबर हा तर शोकाचा दिवस, तिथे कमाईचा विचारही कोणी करत नाही.

म्हणजे शेतकऱ्यासारखंच. दोन-अडीच महिन्यांच्या सुगीवर वर्ष काढायचं. त्यातून हार्मोनियमवाला, ढोलकीवाला, कोरसची दोन माणसं यांना द्यायचं. एसटीचं तिकीट. रात्री दहाला चढायचं, पहाटे उतरायचं, आणि उतरल्यावर कमिटीवाले म्हणणार, "दादा, वर्गणी कमी जमली हो."

समोर बसलेल्या बाया-माणसांनी मंचावर येऊन हातात ठेवलेला रुपया, दोन रुपये, हीच खरी बिदागी. ती अज्ञानदासाच्या तोड्याइतकी वजनदार नव्हती, पण एक फरक होता. ती कोणा एकाच्या मर्जीची नव्हती. म्हणून वामनदादा कोणालाही सुनावू शकले, स्वतःच्या पुढाऱ्यांनासुद्धा. बाबासाहेबांनंतर रिपब्लिकन पक्षाचे तुकडे होत गेले, तेव्हा त्या फुटीवर त्यांनी ज्या कडक शब्दांत गायलं, तसं पक्षाच्या पगारावरचा माणूस गाऊ शकला नसता. हे स्वातंत्र्य त्या रुपया-दोन रुपयांनी विकत घेतलेलं होतं.

त्याच काळातली दुसरी बाजूही बघा, म्हणजे फरक कळेल. विंदा करंदीकर, वसंत बापट, मंगेश पाडगावकर या तिघांनी महाराष्ट्रभर काव्यवाचनाचे कार्यक्रम केले. कविता पुस्तकातून काढून सभागृहात आणली, हजारो लोकांना ऐकायची सवय लावली. फार मोठं काम, त्याबद्दल दुमत नाही. पण विंदा आणि बापट प्राध्यापक होते, पाडगावकर नोकरी करत होते. रविवारी कार्यक्रम, सोमवारी नोकरी. कार्यक्रमाचं मानधन मिळालं नाही तरी चूल पेटत होती. वामनदादांना सोमवार नव्हता. दोघांचीही कविता उभ्यानं म्हटलेलीच. एकाला आपण 'कवी' म्हटलं, दुसऱ्याला 'गायक', 'शाहीर'. आणि या नावाच्या फरकातूनच पाकिटाचा फरक आला. साहित्य संमेलनाच्या मांडवात कोणाला खुर्ची आणि कोणाला रात्रीच्या मनोरंजनाचा स्लॉट, हेही त्यातूनच ठरलं.

आणखी एक गोष्ट. वामनदादांच्या गाण्यात शेवटच्या अंतऱ्यात 'वामन' हे नाव येतं. संतांच्या अभंगात येतं तसं. याला नाममुद्रा म्हणतात. ज्याच्याकडे छापखाना नाही, प्रकाशक नाही, वकील नाही, त्याचा हा कॉपीराइट. गाणं कुठंही जाऊ दे, नाव त्याच्या पोटात शिवलेलं आहे! मग कॅसेट आली. ऐंशी-नव्वदच्या दशकात भीमगीतांच्या कॅसेटी प्रत्येक टपरीवर वाजत होत्या. कॅसेटची बाजू संपते ना, म्हणून गाणं आखूड करायचं. कापायचा कुठला अंतरा? अनेकदा शेवटचाच. कवीचं नाव कात्रीत गेलं. आज यूट्यूबवर त्यांची गाणी शोधा. किती ठिकाणी गायकाचं नाव ठळक आहे आणि रचनाकाराचं नाहीच, ते स्वतः मोजा.

त्यांनी सिनेमासाठीही लिहिलं. १९५९ चा 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंदला १३१ आठवडे चालला, त्यातलं एक गाणं वामनदादांचं आहे. तेव्हाची रीत अशी की गीतकाराला एकदा पैसे दिले की विषय संपला. सिनेमा १३१ आठवडे चालो की १३. गीतकाराला गाण्याच्या पुढच्या कमाईत हक्काचा वाटा, जो कोणाला लिहून घेऊनही काढता येणार नाही, असा कायद्यात बदल झाला तो २०१२ ला. वामनदादा १५ मे २००४ ला गेले.

याच सुमारास आणखी एक बदल झाला, ज्याच्याकडे या विषयात कोणी बघत नाही. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. नियम योग्यच आहे. आजारी माणसं आहेत, परीक्षा असतात. पण जलशाचं घड्याळ आठवा. कामावरून येऊन, जेवून, भांडी घासून बाया पटांगणात येणार तेव्हा दहा वाजतात. जलसा सुरूच दहाला व्हायचा. नियमानं आवाज कमी केला नाही, त्यानं वेळ हलवली. संध्याकाळच्या चार तासांत मिरवणूक बसते, जलसा बसत नाही. मिरवणुकीला बसून ऐकणारा लागत नाही, नाचणारा लागतो. डीजे तिथे अगदी फिट बसला.

डीजेवर नाचणाऱ्या पोरांना मी नावं ठेवणार नाही. ज्या रस्त्यावरून आजोबांना खाली मान घालून जावं लागलं, त्या रस्त्यावर नातू दणक्यात नाचतो, यालाही अर्थ आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या भिंतीएवढ्या स्पीकरमधून जे गाणं वाजतं, ते कोणीतरी कधीतरी पहाटेपर्यंत जागून, घसा बसवून लिहिलंय. स्पीकरचं भाडं आपण रोख देतो. शब्दांचं भाडं कधी दिलं?

आणि हे फक्त जयंतीपुरतं आहे असं समजू नका. मुंबईत १९९९ पासून काळा घोडा महोत्सव भरतो. त्यानंतर कॅफे, ओपन माइक, लिट फेस्ट, कॉलेजांचे आर्ट फेस्टिव्हल असं सगळं वाढत गेलं. तिथे उभ्यानं कविता म्हणणारी पोरं आहेत, मराठीत म्हणणारीही आहेत. माझ्या ओळखीची एक मुलगी नाशिकहून एसटीनं मुंबईला अशाच एका महोत्सवाला गेली. सात मिनिटांची कविता. टाळ्या जोरदार. मिळालं काय? एक कापडी पिशवी, सर्टिफिकेट आणि "तुम्हाला चांगलं एक्स्पोजर मिळेल" हे वाक्य. प्रवेशाला तिकीट होतं. मांडववाल्याला, साउंडवाल्याला, चहावाल्याला पैसे मिळाले. ती मला म्हणाली, "दादा, तिथे मी एकटीच फुकट होते." इथे 'घरचेच आहेत' आणि तिथे 'एक्स्पोजर', भाषा वेगळी, हिशेब एकच.

सरकार काय करतं? ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी मानधन योजना आहे. आता दरमहा ५,००० रुपये. आहे ते चांगलं आहे, घ्यायलाच हवं. पण ती म्हातारपणाची सोय आहे. त्याआधीची तीस-चाळीस वर्षं कवीनं काय खायचं, याचं उत्तर त्यात नाही. शिवाय अर्जासोबत आयुष्यभराच्या कार्यक्रमांचे पुरावे जोडावे लागतात. ज्यानं गॅसबत्तीत गायलं त्यानं फोटो कुठून आणायचा?

२६ नोव्हेंबर २०१० ला लोकशाहीर विठ्ठल उमप नागपूरला दीक्षाभूमीवर, मंचावरच कोसळले आणि गेले. आपण म्हणतो, केवढं भाग्याचं मरण, शाहीर मंचावर गेला! खरंय. पण जिवंतपणी शाहिरानं मंचावर जगावं कसं, हे विचारायचं आपण टाळतो. मरणाचा गौरव करायला फ्लेक्स पुरतो. जगण्याला दर महिन्याला पैसे लागतात.

आता परत त्या बैठकीकडे. खजिनदारांचा 'घरचेच आहेत' हा शब्द जलशाच्या काळातून आलाय. तेव्हा तो खरा होता, कारण तेव्हा कोणाकडेच काही नव्हतं. आज मंडळाकडे जेसीबीला पैसे आहेत. आज तो शब्द खरा उरला नाही. आता 'घरचा' म्हणजे ज्याला द्यायचं नाही तो.

म्हणून यंदाच्या बैठकीत मी तीन गोष्टी मांडणार आहे. पटल्या तर तुमच्या मंडळात मांडा.

एक, खर्चाच्या यादीत शाहीर पहिल्या ओळीत. गाडीभाडं वेगळं, मानधन वेगळं, दोन्हीपुढे आकडा. आणि पाकीट कार्यक्रमाआधी. पहाटे "वर्गणी कमी जमली" हे वाक्य बंद.

दोन, मिरवणुकीचा दिवस आणि गाण्याचा दिवस वेगळा. गाणं संध्याकाळी सहाला सुरू, दहाला बंद. त्या दिवशी बायांना स्वयंपाक नको, मंडळानं जेवण ठेवायचं. तरच त्या सहाला येतील.

तीन, गाणं कोणीही गावो, कोणाचं आहे ते आधी सांगायचं, आणि शेवटचा अंतरा कापायचा नाही. त्यात नाव असतं.

गेल्या वर्षी त्या शाहिरांना मी नंतर फोन केला होता. विचारलं, मंडळानं काय दिलं? ते म्हणाले, "भाडं दिलं की. जातानाचं." येतानाचं त्यांनी मागितलं नव्हतं.